वाकून बघायचा कॅमेरा

थोर छायाचित्रकार नागुमोंचा कॅमेरा महिन्यातून एकदा तरी दुकानात यायचाच. कधी एखादा निवृत्त मास्तर तो रुमालात गुंडाळून आणायचा, कधी एखादी सून सासऱ्याच्या कपाटातला काढून आणायची. काउंटरवर ठेवताना माणसाचा आवाज आपोआप खाली यायचा. "खुद्द नागुमोंनी वापरलेला आहे. त्यांनीच आमच्या वडिलांना दिला होता." मग दुकानाचा मालक तोकुजी इवाकी चष्मा कपाळावर चढवून आत बघत हाक मारायचा, "अगं, बाहेर ये. नागुमो आलेत पुन्हा."

या हिशेबाने त्या गृहस्थाकडे खोलीभर कॅमेरे असायला हवे होते, आणि ते अडकवायला दोन-तीन माना. त्याची बायको चिगुसा कमरेच्या एप्रनला हात पुसत यायची, कॅमेरा उलटासुलटा करायची, मागचं झाकण उघडून आत फुंकर मारायची आणि गिऱ्हाइकाचं मन न दुखवता सांगायची, "तुमच्या वडिलांनी फार जपून वापरलाय हो. नागुमो-सेन्सेईंचा मात्र नाही. त्यांच्याकडे होता त्याचं बटण डावीकडे नव्हतं." माणूस अर्धा हिरमुसून आणि अर्धा खूश होऊन परत जायचा.

तोक्योत, नाकानोच्या बाजारात वरच्या मजल्यावर त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, काचेची चार कपाटं आणि मधे दोन माणसं. एकशेवीस नंबरचा रुंद रोल लागणारे जुने कॅमेरे, तेवढेच तिथे मिळायचे. मासिकवाले, संग्रह करणारे हौशी लोक चिगुसाकडे जुने फोटो घेऊन यायचे. फोटोत कोणी नावाजलेला छायाचित्रकार असायचा, त्याच्या गळ्यात अर्धवट दिसणारा कॅमेरा असायचा, आणि चिगुसाने तो कोणता ते सांगायचं. कडेचा एक स्क्रू दिसला तरी तिला पुरायचं. "माझी बायको माणसांची नावं विसरते," तोकुजी म्हणायचा, "स्क्रू विसरत नाही. माझं नाव लक्षात राहावं म्हणून मीच एखादा बसवून घेणार आहे."

अशा दुकानांमधून नागुमोंचा तो एक फोटो भिंतीवर असतोच, 'निरोप'. इवाकींच्या दुकानात तो नव्हता. तोकुजीने कधी लावला नाही आणि चिगुसाने का लावत नाही म्हणून कधी विचारलं नाही. तिला ते सोयीचंच होतं, कारण त्या फोटोतली मुलगी ती होती.

हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक व्हायला चेहरा तर दिसायला हवा. फोटोत पांढऱ्याशुभ्र बर्फात कमरेतून वाकलेली एक मुलगी आहे. तिच्या केसांचा भांग दिसतो, उघडी मान दिसते, खांद्यांवर साचलेला बर्फ दिसतो. बस. तेवढ्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. तो फोटो कॅलेंडरांवर आला, शाळेच्या पुस्तकात आला. कोणी तरी लिहिलं की या मुलीच्या मानेत सगळ्या उत्तरेचं दुःख आहे. चिगुसाने ते वाचलं तेव्हा तिला हसू आलं होतं. तिच्या मानेत त्या दिवशी फक्त थंडी होती, कारण तिचा लोकरीचा मफलर तिने सकाळीच नागुमोंना देऊन टाकला होता.

ती तेव्हा एकवीस वर्षांची होती. उत्तरेला कुरोहामा नावाच्या बंदरात तिच्या मावशीची खानावळवजा सराई होती आणि नागुमो तिथे हिवाळाभर येऊन राहिले होते. धक्क्यावर कॉड मासे चिरणाऱ्या बायकांचे फोटो काढायला. तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हतं. गळ्यात दोन कॅमेरे असायचे. एक दोन भिंगांचा, पोटाशी धरायचा आणि वरून काचेत वाकून बघायचा. दुसरा भात्याचा, घडी उघडून डोळ्याला लावायचा. मावशीने वाटाड्या म्हणून चिगुसाला त्यांच्याबरोबर जोडून दिलं. ती त्यांचा स्टँड उचलायची आणि फिल्मचे रोल आपल्या कापूस भरलेल्या कोटाच्या आत, अगदी अंगाशी ठेवायची. थंडीने फिल्म कडक होऊन तुटायची म्हणून.

खरी गंमत व्हायची ती वाकून बघायच्या कॅमेऱ्याने. नागुमो एखाद्या म्हातारीपुढे उभे राहून मान खाली घालायचे, काचेत बघायला. म्हातारी सुरी बाजूला ठेवायची, हात पुसायची आणि उलट वाकून नमस्कार करायची. त्यांनी मान वर केली की तीही करायची. त्यांनी पुन्हा खाली घातली की तीही पुन्हा खाली. चेहरा काही हाताला लागायचा नाही.

"आजी, ते नमस्कार करत नाहीयेत," चिगुसा ओरडून सांगायची. "ते डब्यात बघतायत!"

"माझ्यापुढे येऊन मान खाली घालतो आणि नमस्कार करत नाही?" म्हातारी भडकायची. "कुणी वाढवलंय याला?"

त्या साऱ्या फोटोंमध्ये म्हणून बायकांच्या माना झुकलेल्या आहेत. पुढे जाणकारांनी त्यात कष्टकऱ्यांची नम्रता शोधली. नागुमो मात्र त्या दिवसांत रात्रीच्या जेवणाला बसले की आठवून आठवून हसायचे. "मी माझं काम करतो आणि लोकांना वाटतं मी मान देतोय," ते म्हणाले होते. "फसवा आहे हा डबा."

"मग द्यावा खरंच मान," चिगुसा त्यांच्या वाटीत सूप वाढत म्हणाली होती. "तुमचं काय जातं?"

त्यांच्यात काही झालं म्हणावं तर काहीच झालं नव्हतं. रोज संध्याकाळी ते दिवसभराचे रोल तिच्या हातात मोजून द्यायचे आणि त्यांची बोटं गार असायची. एकदा म्हणाले, "तू तोक्योला आलीस तर..." तिने विचारलं, "आले तर काय?" तेवढ्यात मावशीने हाक मारली, आंघोळीचं पाणी निवतंय म्हणून. वाक्य तिथेच राहिलं. त्या अर्ध्या वाक्यावर तिने किती हिवाळे काढले ते तिचं तिलाच माहीत.

ते निघाले त्या दिवशी रेल्वेचा रूळ बर्फाखाली गेला होता, म्हणून बोटीने जायचं ठरलं. धक्क्यावर ते तिच्यापासून थोड्या अंतरावर समोर उभे राहिले आणि त्यांनी मान खाली घातली. ती वाकली. समोरच्याच्या आधी मान वर करणं तिच्या मावशीच्या घरात बसत नव्हतं, आणि तिचे डोळेही भरून आले होते, ते दाखवायचे नव्हते. ती तशीच वाकून राहिली. बर्फात बुटांचा कचकच आवाज झाला. गेले, तिला वाटलं. मग भोंगा झाला, आणि तिने वर पाहिलं तेव्हा ते बोटीला लावलेल्या फळीवर होते, पाठमोरे.

वसंतात एका मासिकात तो फोटो चिगुसाने पाहिला. म्हणजे त्या क्षणी त्यांच्या हातात कॅमेरा चालू होता. कोणता? भात्याचा असेल तर गोष्ट सरळ होती: ते आधी वाकले, खरोखर, तिच्यासाठी, आणि ती वाकलेली असताना त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. पण तो दोन भिंगांचा असेल तर? मग ते काचेत बघत होते. मग सगळ्या गावाला ओरडून शहाणपण शिकवणारी मुलगी स्वतःच डब्याला नमस्कार करून बसली होती, मासे चिरणाऱ्या म्हाताऱ्यांसारखी. एवढाच प्रश्न होता. पण तो तिला झोपू देईना.

पुढच्या वर्षी ती तोक्योला आली आणि कॅमेऱ्याच्या पहिल्या दिसलेल्या दुकानात शिरली. गल्ल्यावर एक काटकुळा तरुण होता.

"नुसता फोटो बघून सांगता येतं का हो, वाकून बघायच्या कॅमेऱ्याने काढलाय की डोळ्याला लावायच्या?"

"कधी कधी येतं. कोणता फोटो?"

"असाच. कोणताही."

त्याने तासभर समजावलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तो तरुण म्हणजे तोकुजी. "इतकं डोकं खाणारं गिऱ्हाईक," तो अजून सांगतो, "बायको करून घेतलेलंच परवडतं." तिने सगळं शिकून घेतलं. भिंगं, पडदे, दातेरी चाकं, कोणत्या वर्षी कोणत्या कॅमेऱ्याची कोणती खुंटी बदलली. जगातल्या कोणाचाही कॅमेरा ती ओळखू शकत होती, आणि तो एक ओळखू शकत नव्हती. 'निरोप' चारही बाजूंनी कापून छापलेला होता, क्षितिज बर्फात बुडालेलं होतं. कॅमेरा किती उंचीवर होता ते कशावरून ठरवणार? पूर्ण निगेटिव्ह नागुमोंच्या घरी कुलपात होती. ते घर याच शहरात, काही स्टेशनं ओलांडून होतं. ती कधी गेली नाही. जाऊन विचारायचं तरी काय? सेन्सेई, त्या दिवशी तुम्ही नमस्कार केला होतात की फोकस करत होतात? आणि ते म्हणाले असते, कोणत्या दिवशी?

गेल्या शरदात नागुमो वारले. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा तोकुजीने उठून आवाज कमी केला आणि म्हणाला, "आज बाहेरून नूडल्स मागवू. तू नको करत बसू." तिला आता हा प्रश्न विचारायलाही कोणी उरलं नव्हतं.

मार्चमधल्या एका बुधवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, होंजो नावाची एक मुलगी उत्तरेहून आली. कुरोहामात नवं संग्रहालय होत होतं आणि त्याची मांडणी तिच्याकडे होती. तिच्या एका हातात गोड बीनच्या वड्यांचा डबा होता, दुसऱ्या हातात चाकांची पेटी. पेटीत नागुमोंच्या घरच्यांनी दिलेले तीन कॅमेरे होते.

"'निरोप'शेजारी काचेत एक कॅमेरा ठेवायचाय, काकू," ती म्हणाली. "कोणता ठेवू? सेन्सेईंनी प्रत्येक मुलाखतीत वेगळं सांगितलंय. शेवटच्या मुलाखतीत तर म्हणाले, आठवत नाही. आणि मला खोटी पाटी लावायची नाही."

"ठेवून द्यायचा कुठलाही. बघणाऱ्याला काय कळतंय?" तोकुजी म्हणाला.

"मला कळेल ना काका."

"ही शहाणी दिसते," तोकुजी चिगुसाला म्हणाला. "तुझ्यासारखी डोकं खाणार."

चिगुसाने पहिला कॅमेरा हातात घेतला आणि लगेच बाजूला ठेवला. "हा नाही. याला अंगचाच प्रकाशमापक आहे. हे मॉडेल दोन वर्षांनी आलं. त्या हिवाळ्यात ते..." ती थांबली. त्या हिवाळ्यात ते सुटा मापक तिच्या तळहातावर धरून उजेड मोजायचे, हे तिच्या ओठांवर आलं होतं. "तेव्हा हा निघालाच नव्हता."

उरलेले दोन तिच्यासमोर होते. दोन भिंगांचा आणि भात्याचा. तिने हात लावला नाही. भात्याच्या कॅमेऱ्याचं कातडं एका कोपऱ्यात सुटलं होतं. तिला ते आठवत होतं, तांदळाच्या खळीने तिनेच ते एकदा चिकटवलं होतं.

"मी पूर्ण निगेटिव्ह आणली आहे," होंजो म्हणाली. "कडा जुळवून बघता येतील, नाही का?"

तोकुजीने मानेनेच हो म्हटलं. कॅमेऱ्यात फिल्म जिथे ताणून बसते तिथे धातूची चौकट असते. त्या चौकटीची कड प्रत्येक फोटोच्या कडेला उमटते, आणि तिच्यातली बारीकशी खाचही उमटते. दोन्ही कॅमेऱ्यांतून नवी फिल्म घालून फोटो काढायचे आणि कडा जुन्या निगेटिव्हशी ताडून बघायच्या. खून केलेली बंदूक गोळीवरून ओळखतात तसंच, तोकुजी म्हणाला, फक्त इथे कोणी मेलेलं नाही.

त्याने दोन्हीत रोल भरले आणि खिडकीतून समोरच्या नूडल्सवाल्याची पाटी, तारेवरची कबुतरं, असं काय काय टिपलं. "तू काढतेस?" त्याने चिगुसाला विचारलं. तिने मान हलवून नाही म्हटलं. तिने हात एप्रनमध्ये गुंडाळून घेतले आणि त्याने ते पाहिलं. भात्याच्या कॅमेऱ्यातला रोल त्याने संपवला, दोन भिंगांच्या कॅमेऱ्यातली मात्र, उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून, अर्धीच फिल्म कापून काढली, उरलेली तशीच राहू दिली. फिल्म फुकट घालवणं त्याच्या जिवावर यायचं. मग तो मागच्या मोरीत फिल्मा धुवायला गेला.

चिगुसाने चहा केला. होंजो वडी खात म्हणाली, "काकू, तुम्ही आमच्याकडच्या ना? मधेच एखादा हेल येतो."

"तिकडचीच. कुरोहामाच्या जवळची."

"मग तुम्ही तिला ओळखत असाल! त्या मुलीला! आम्ही गावात विचारलं, तर सहाजणी पुढे आल्या. सगळ्या म्हणतात, ती मीच. एक तर भांडायलाच उठली."

"असतील सहाहीजणी," चिगुसा म्हणाली. "तिथे सगळ्याच वाकायच्या."

होंजो हसली. चिगुसाही हसली, पण तिचं सगळं लक्ष मोरीतल्या पाण्याच्या आवाजाकडे होतं. मनात ती एकच घोकत होती. भात्याचा निघू दे. सत्तरी उलटलेली बाई, घरात सुखाचा संसार, आणि देवाला काय मागते आहे तर मेलेल्या माणसाचा कॅमेरा भात्याचा निघू दे.

ओल्या फिल्मा पंख्यासमोर वाळवून तोकुजीने खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवल्या. होंजोने हातमोजे घालून पाकिटातून जुनी पट्टी काढली. तीन फोटो होते त्या पट्टीवर. पहिला बोटीचा, मधला 'निरोप'चा. "तिसरा वाया गेलेला आहे, त्याच्याकडे लक्ष नको," ती म्हणाली. भिंग हातोहात फिरलं. आधी तोकुजीने पाहिलं, मग होंजोने. शेवटी भिंग चिगुसाकडे आलं.

भात्याच्या कॅमेऱ्याची कड स्वच्छ होती. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याच्या कडेला, खालच्या कोपऱ्यात, खाचेचा एक बारीक दात होता. 'निरोप'च्या खालच्या कोपऱ्यात तोच दात होता.

"दोन भिंगांचा," तोकुजी हळूच म्हणाला.

"दोन भिंगांचाच," चिगुसा म्हणाली. आवाज तिच्या नेहमीच्या आवाजासारखा निघाला याचं तिला नवल वाटलं.

"वा!" होंजो उठलीच. "संग्रहालयात फोन करून येते. आत रेंज येत नाही तुमच्याकडे." आणि ती बाहेर जिन्याकडे पळाली.

चिगुसा काचेसमोर बसून राहिली. म्हणजे एवढंच होतं. त्यांनी काचेत पाहिलं आणि ती वाकली. त्यांना एक चांगला फोटो दिसला आणि त्यांनी तो काढला, तसा त्यांनी काढायलाच हवा होता, ते त्यांचं काम होतं. तिला राग आला नाही. तिला लाज वाटली, गरम, कानापर्यंत चढणारी, एकवीस वर्षांच्या मुलीला वाटावी तशी. त्या एका नमस्काराच्या जिवावर तिने गाव सोडलं, धंदा शिकली, म्हातारी झाली. आणि पलीकडे कोणी वाकलंच नव्हतं. रडायला यावं असं तिला वाटत होतं आणि येत नव्हतं.

काही तरी करायचं म्हणून तिने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि पट्टी सरकवली. तिसरा फोटो भिंगाखाली आला.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, बर्फ काळा आणि काळं ते पांढरं. वाचायची तिला सवय होती. काळाकुट्ट धूसर बर्फ, बाकी काही नाही. वरच्या कडेला दोन फिकट गोळे होते. खालच्या कडेला आणखी दोन, निमुळते. तिने भिंग जवळ नेलं. वरचे दोन गोळे म्हणजे रबरी बुटांची टोकं होती, आणि त्यांना आडवी दोरी गुंडाळलेली होती. बर्फावर पाय घसरू नये म्हणून ती गवताची दोरी बुटांना बांधायची. ते तिचे बूट होते.

"अहो," ती म्हणाली. "हे बघा."

तोकुजीने पाहिलं. "चालताना बटण दाबलं गेलं असेल. फोटो काढला की लगेच पुढची फिल्म चढवायची, सवय असते हाताला. बोट बटणावरच असतं."

"चालताना खाली स्वतःच्या बुटांची टोकं येतील?"

तोकुजीने पुन्हा भिंग लावलं. या वेळी बराच वेळ तो भिंगावरून उठला नाही.

"येणार नाहीत," तो म्हणाला. "कॅमेरा पोटावर सरळ असला तर समोरचं दिसतं. खाली बघायला त्याला खाली तोंड करावं लागेल. आणि हे दुसरे बूट तिच्याकडे तोंड करून आहेत, जरासे बाजूला. फोटो काढला तेव्हा तो तिच्यापासून लांब होता. इथे अगदी जवळ आलाय. हातभर पण अंतर नाही."

बर्फातला कचकच आवाज. चिगुसाच्या कानात तो इतक्या वर्षांनी जसाच्या तसा वाजला. ती वाकलेली होती, डोळे मिटलेले होते, आणि पावलं वाजली होती, आणि ती समजली होती की ते गेले.

"थांब," तोकुजी म्हणाला. "करूनच बघू." त्याने दोन भिंगांचा कॅमेरा उचलून गळ्यात अडकवला. "आहे अजून फिल्म यात. तू तिथे उभी राहा."

"मीच?"

"मग काय नूडल्सवाल्याला बोलावू?"

ती कपाटांच्या मधे उभी राहिली. तो तिच्यासमोर आला, अगदी जवळ. कॅमेरा त्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरला. थोडा वाकला. "असं काचेत बघतात. आता भिंगात काय दिसतंय, तुझं एप्रन. माझे पाय नाहीत." आणखी वाकला. "आता तुझ्या सपाता. माझे पाय अजून नाहीत." मग त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची नेहमीची थट्टा कुठे तरी गेली होती. "माझे पाय यायचे तर कमरेतून पूर्ण खाली जायला हवं. तसं वाकलं की काच पोटावर दाबली जाते. काचेत काही दिसत नाही. काही म्हणजे काही नाही. फोटो काढायला तसं कोणी वाकत नाही, चिगुसा."

त्याने तिला नावाने हाक मारून किती वर्षं झाली होती कोण जाणे. दुकानात ती 'अगं' होती.

"मग कशाला वाकतात?" तिने विचारलं. तिला माहीत होतं, तरी तिला ते कोणी तरी बोलून दाखवायला हवं होतं.

तोकुजी एक पाऊल बाजूला सरकला, डोक्याला डोकं लागू नये म्हणून, आणि वाकला. हळूहळू, कमरेतून, पाठ सरळ ठेवून, पूर्ण. पोटाशी दाबलेल्या हातांत कॅमेरा खट्कन वाजला.

चिगुसाचं अंग सवयीने वाकायला निघालं. समोर माणूस वाकला की वाकायचं, ते हाडात भिनलेलं असतं. तिने स्वतःला धरून ठेवलं. त्या दिवशी तिने मान खाली घातली होती म्हणून जे तिला दिसलं नव्हतं, ते आज तिच्यासमोर होतं. वाकलेल्या माणसाची पाठ अशी दिसते. मान अशी दिसते. कॉलरच्या वर विरळ केस, आणि त्यांच्या मधे उघडी, मऊ कातडी, जिथे बर्फ पडला असता तर वितळला असता. आता तिचे डोळे खरोखरच वाहू लागले. त्यांनी काचेतच बघितलं असतं तर बरं झालं असतं, तिला वाटलं. मग काही गमावलं तरी नसतं. ते आले होते. हातभर अंतरावर येऊन वाकले होते, आणि तिने फक्त मान वर करायची होती.

तोकुजी अजून खालीच होता. फोटो काढून झाला होता, वाकून राहायचं काही कारण नव्हतं, आणि त्याची कंबर धड नव्हती. तरी तो उठला नाही.

"बघून झालं का?" त्याने खालूनच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून जरा वेळ थांबा."